इंग्रजी साहित्य शिकायचं, तेही जपानीतून

जपानी विद्यापीठांत इंग्रजी भाषा आणि साहित्य शिकण्याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझी मुलगी बारावीला आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, इंग्रजी उत्तम. जपानीची एन-फोर परीक्षा (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड) पास झाली आहे. जपानमध्ये जाऊन इंग्रजी साहित्यात बी.ए. करायचं म्हणते. विषयच इंग्रजी आहे, तर जपानी कितपत लागेल? (एक पालक, चिंचवड)

जपानी भरपूर लागेल. मुलीला हे आत्ताच सांगा, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. जपानी विद्यापीठातल्या इंग्रजी साहित्याच्या विभागाला तिकडे 'एइबुन गाक्का' म्हणतात, अमेरिकन साहित्य जोडलेलं असेल तर 'एइबेइ बुन्गाक्का'. जपानी मुलांनी जपानीतून इंग्रजी वाचावं म्हणून हे विभाग उभे राहिले. हातातलं पुस्तक इंग्रजी, पण चर्चा जपानीत, फळ्यावर लिहिलेलं जपानीत आणि परीक्षेतला प्रश्नही बहुधा जपानीत. संभाषणाचे आणि निबंधलेखनाचे तास परदेशी शिक्षक इंग्रजीतून घेतात. काही ठिकाणी साहित्याचेही थोडे तास इंग्रजीत होतात. पण इंग्रजी साहित्याचा इतिहास, भाषाशास्त्राची ओळख, ध्वनिशास्त्र, इंग्रजी भाषेचा इतिहास ही पहिल्या दोन वर्षांतली व्याख्यानं जपानीतच ऐकावी लागतात.

खरा कस लागतो तो तिसऱ्या वर्षी 'झेमी' सुरू झाल्यावर. झेमी म्हणजे एका शिक्षकाभोवती बसलेली दहा-पंधरा मुलं. तास नव्वद मिनिटांचा, काही विद्यापीठांत शंभर किंवा एकशेपाच मिनिटांचा. पद्धत 'रिन्दोकु', म्हणजे आळीपाळीने वाचन. आठवड्याला चार-सहा पानं ठरलेली असतात. ज्याची पाळी असेल तो 'रेजुमे' नावाचं टिपण करून सगळ्यांना वाटतो. त्यात अवघड शब्दांचे अर्थ, संदर्भ, निवडक उताऱ्याचं जपानी भाषांतर आणि चर्चेसाठी दोन-तीन प्रश्न असतात. मग शिक्षक विचारतात, या वाक्यातला 'इट' कुणाबद्दल आहे? इथे 'वुड' का आलं, सवय सांगायला की शक्यता सांगायला? एका परिच्छेदावर अर्धा तास सहज जातो.

आपल्याकडे संस्कृतच्या तासाला पदच्छेद करून अन्वय लावायला शिकवतात, ते आठवलं की ही पद्धत लगेच समजेल. तिचं मूळही तसंच आहे. जपानी लोक शतकानुशतकं चिनी ग्रंथ शेजारी खुणा करून, शब्दांचा क्रम फिरवून जपानीत वाचत आले. तीच सवय पुढे डच पुस्तकांना लागली आणि नंतर इंग्रजीला. या वाचनाला 'याकुदोकु' म्हणतात. बोलायला शिकवण्याच्या दृष्टीने तिच्यावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तही आहे. पण कविता किंवा जुनं नाटक वाचताना हीच संथ पद्धत कामी येते.

इंग्रजी माध्यमाची मुलं अडतात तीही इथेच. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत 'स्टिल' म्हणजे बहुतेकदा 'नेहमी', 'प्रेझेंटली' म्हणजे 'ताबडतोब' आणि 'फाँड' म्हणजे 'खुळा'. शेजारचा जपानी मुलगा प्रत्येक शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात बघून आलेला असतो. आपल्या मुलीला तो शब्द येत असतो, म्हणून ती बघत नाही आणि भर वर्गात चुकते. पहिल्या सहामाहीत तिला एकच सवय लावून घ्यायला सांगा. माहीत असलेला शब्दही शब्दकोशात उघडायचा, आणि त्या अर्थाचा सगळ्यात जुना दाखला कोणत्या सालचा आहे ते टिपायचं.

मराठी घरातल्या मुलांना एक गोष्ट मात्र आयती मिळते, ती म्हणजे वाक्यरचना. 'तिनं त्याला लिहिलेलं पत्र' हे जपानीत 'कानोजो गा कारे नि काइता तेगामि' होतं. तिनं, त्याला, लिहिलेलं, पत्र असा शब्दाला शब्द बसतो. इंग्रजीत 'पत्र' आधी येतं आणि बाकीचं मागून, त्यामुळे इंग्रजीतून जपानीत जाणाऱ्याला वाक्य उलटं करावं लागतं. म्हणून मुलीने जपानीचा अभ्यास इंग्रजीतून न करता मराठीतून विचार करत करावा. घरात मराठी कमी बोललं जात असेल, तर हा फायदा हातचा जातो.

आता पातळीबद्दल. एन-फोरवर बाजारहाट होईल, व्याख्यान समजणार नाही. प्रवेशाला किमान एन-टू धरून चाला, आणि समीक्षा वाचायला एन-वन. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, २,१३६ आहेत. त्या ओळखता आल्या तरच ग्रंथालयात निभाव लागतो. एन पातळ्यांची परीक्षा पुण्यात आणि मुंबईत देता येते, जुलैत आणि डिसेंबरात. एन-फोरपासून एन-टूपर्यंत मन लावून केलं तर दीड-दोन वर्षं लागतात.

इतकं जपानी नको असेल तर वाट वेगळी आहे. तोक्योतल्या सोफिया विद्यापीठाची लिबरल आर्ट्स शाखा, वासेदा विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय उदारशिक्षणाची शाखा आणि मिताकातलं इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, या ठिकाणी पदवी इंग्रजीतून करता येते आणि सप्टेंबरातही प्रवेश मिळतो. तिथे साहित्य शिकता येतं, पण इतर अनेक विषयांमधला एक विषय म्हणून. अर्ज करताना लक्षात ठेवा की एकाच विद्यापीठात 'इंग्रजीतून शिकवणारी शाखा' आणि 'इंग्रजी साहित्याचा विभाग' या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांच्या परीक्षाही वेगळ्या.

बारावीनंतर थेट अर्ज करायचा तर नेमकं काय काय करावं लागतं? खर्च किती? (नाशिक, कोल्हापूर आणि मडगावहून आलेली पत्रं)

आपला निकाल मे-जूनमध्ये लागतो आणि जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मधले दहा महिने वाया गेले असं समजू नका, सगळी तयारी याच काळात होते.

पदवीच्या जपानी माध्यमातल्या प्रवेशासाठी परदेशी मुलांना ई-जे-यू ही परीक्षा द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा होते, जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. जूनच्या परीक्षेचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच घेतात, म्हणजे बारावीच्या लेखी परीक्षेच्या ऐन धामधुमीत. तारीख चुकते ती याच कारणाने. नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज जुलैत असतो आणि निकाल डिसेंबरात लागतो.

जपानी भाषेचा पेपर १२५ मिनिटांचा आणि ४५० गुणांचा. त्यातले ५० गुण निबंधाला. ३० मिनिटांत ४०० ते ५०० अक्षरं, चौकटींच्या कागदावर हाताने लिहायची. मोबाइलवर टंकून जपानी शिकलेली मुलं इथे हमखास मार खातात, कारण ओळखता येणारी कांजी हाताने काढता येतेच असं नाही. रोज एक निबंध, घड्याळ लावून, पेन्सिलने. याशिवाय 'जपान आणि जग' हा २०० गुणांचा आणि गणिताचा २०० गुणांचा पेपर असतो. हे दोन्ही इंग्रजीतूनही देता येतात. साहित्याच्या शाखेला गणिताचा सोपा पेपर, म्हणजे 'कोर्स १', चालतो. अकरावीला गणित सोडलेल्या कलाशाखेच्या मुलांनी आधी हे तपासावं. सरकारी विद्यापीठं बहुधा तिन्ही पेपर मागतात. बऱ्याच खासगी विद्यापीठांच्या साहित्यशाखांना नुसतं जपानी, किंवा जपानी आणि 'जपान आणि जग' एवढं पुरतं.

त्यानंतर विद्यापीठाची स्वतःची फेरी. इंग्रजी विभाग बहुतेक वेळा टोफेलसारख्या परीक्षेचे गुण मागतो, शिवाय छोटा निबंध किंवा इंग्रजी उताऱ्याचं जपानी भाषांतर, आणि जपानीतून मुलाखत. 'इंग्रजी साहित्य शिकायला जपानला का, इंग्लंडला का नाही?' हा प्रश्न मुलाखतीत येतोच, आणि त्यावर 'जपानी संस्कृती आवडते' हे उत्तर लंगडं पडतं. त्यापेक्षा एखादं इंग्रजी पुस्तक आणि त्याचं जपानी भाषांतर समोरासमोर ठेवून दोन-चार पानं वाचून जा आणि त्यावर बोला.

खर्चाचं बोलायचं तर सरकारी विद्यापीठांची ठरावीक वार्षिक फी ५,३५,८०० येन आणि प्रवेशशुल्क २,८२,००० येन, म्हणजे पहिल्या वर्षी ८,१७,८०० येन. तोक्यो विद्यापीठाने २०२५ पासून नव्या विद्यार्थ्यांची फी ६,४२,९६० येन केली आहे. अर्जाचं शुल्क सरकारी विद्यापीठाला १७,००० येन आणि खासगीला साधारण दुप्पट. तीन-चार ठिकाणी अर्ज केलेत तर हीच रक्कम बोचते. खासगी विद्यापीठांची फी याहून बरीच जास्त असते, पण परदेशी विद्यार्थ्यांना तिथे फीत सवलतही बऱ्यापैकी मिळते. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. कामाची परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास आणि मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास काम करता येतं. २८ तासांचा नियम मोडला तर व्हिसाचं नूतनीकरण अडतं, आणि दोन दुकानांत काम केलं तर दोन्हीचे तास एकत्र मोजतात.

जपान सरकारच्या शिष्यवृत्तीत पदवीसाठी पाच वर्षं मिळतात. पहिलं वर्ष तोक्यो किंवा ओसाकात जपानी शिकण्याचं. महिन्याला सुमारे १,१७,००० येन आणि फी माफ. साहित्य-समाजशास्त्राच्या गटाला इंग्रजी, गणित आणि जपानी असे पेपर असतात. एप्रिल-मेपासून जपानच्या दूतावासाच्या आणि मुंबईतल्या वकिलातीच्या सूचना बघत राहा. विद्यापीठ मात्र आपल्या पसंतीनेच मिळेल असं नाही.

विभाग निवडताना आणखी एक बघा. जपानमध्ये १८ वर्षांच्या मुलांची संख्या १९९२ मध्ये सुमारे २०.५ लाख होती, ती आता ११ लाखांच्या आसपास आली आहे. मुलं कमी झाली तसे इंग्रजी साहित्याचे कित्येक विभाग 'आंतरराष्ट्रीय संवाद' वगैरे नावांत विरघळले, काहींनी नवे प्रवेशच थांबवले. नावावर जाऊ नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे अभ्यासक्रम उघडा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या झेमींत कविता, नाटक, कादंबरी शिकवणारे शिक्षक किती आहेत ते मोजा. दोनच निघाले तर तिथे साहित्य नावापुरतं उरलं आहे असं समजा.

क्योतोत खासगी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. माझा शेक्सपिअरवरचा रिपोर्ट 'हे कान्सोबुन आहे' असा शेरा मारून दोनदा परत आला. ग्रंथालयात जपानी पुस्तकंही धड सापडत नाहीत. (एक विद्यार्थी)

'कान्सोबुन' म्हणजे वाचून काय वाटलं त्याचा निबंध. जपानी मुलं शाळेत दर उन्हाळी सुट्टीत तो लिहितात, म्हणून विद्यापीठात तो शेरा म्हणजे 'हे शाळकरी आहे' असा टोमणा. तुमच्या रिपोर्टात 'तो ओमोउ', म्हणजे 'असं वाटतं', किती वेळा आलं आहे ते मोजा. दोनापेक्षा जास्त असेल तर दुखणं तिथे आहे. वाक्यं 'देस्-मास्'मध्ये, म्हणजे बोलण्यातल्या नम्र वळणात, संपवली असतील तर तीही बदला. रिपोर्टाची भाषा 'दे आरु'ची, म्हणजे लेखी वळणाची, आणि ती शेवटपर्यंत एकच हवी.

पण भाषा बदलून भागणार नाही, प्रश्न बदलावा लागेल. 'लेडी मॅकबेथ क्रूर आहे का?' हा चार हजार अक्षरांत मावणारा प्रश्न नाही. त्यापेक्षा पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश घ्या. मॅकबेथ खुनाचा बेत सोडतो आणि बायको त्याच्यावर तुटून पडते. तुमची आशा दारू प्यायली होती काय, असं विचारताना ती त्याला 'यू' म्हणते. दोन-तीन ओळींत त्याच्या प्रेमाची किंमत काढताना 'दाय' येतं, भित्रा म्हणताना 'दाऊ' येतं. त्याने उत्तर दिल्यावर पुन्हा 'यू'. मराठी वाचकाला हे सांगावंच लागत नाही: तुम्ही, मग तू, मग परत तुम्ही. आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, म्हणून निव्वळ इंग्रजीत वाढलेल्याच्या तो नजरेतून सुटतो. जपानीत मात्र त्याचं काय करायचं हा भाषांतरकाराला खरा पेच पडतो, कारण तिथे सर्वनाम बहुधा गाळतात आणि मान-अपमान क्रियापदाच्या शेपटावर येतो.

इथे तुमचा रिपोर्ट तयार झाला. त्या प्रवेशातली तिची प्रत्येक संबोधनं ओळीच्या क्रमांकासह एका तक्त्यात मांडा. शेजारी दोन जपानी भाषांतरांतल्या त्याच ओळी ठेवा, शक्यतो एक जुनं आणि एक अलीकडचं. जिथे 'दाऊ' आहे तिथे भाषांतरकाराने क्रियापद खाली आणलं का, शिवी घातली का, की काहीच केलं नाही, एवढंच बघा. ओळींचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे कोणती आवृत्ती वापरली ते पहिल्याच टिपेत लिहा. भाषांतरातून घेतलेल्या ओळीला भाषांतरकाराचं नाव आणि पान हवं. ते नसेल तर शेरा कान्सोबुनचा न राहता उचलेगिरीचा मिळतो आणि प्रकरण विद्यापीठाच्या समितीपर्यंत जातं.

आता ग्रंथालय. जपानी वर्गीकरणात ८३० म्हणजे इंग्रजी भाषा, ९३० म्हणजे इंग्रजी-अमेरिकन साहित्य, ९३१ कविता, ९३२ नाटक, ९३३ कथा-कादंबरी. आधी ९३२ च्या मांडणीपाशी जाऊन उभे राहा. संगणकावर न सापडलेली निम्मी पुस्तकं तिथे दिसतील. संगणकावर न सापडण्याचं कारण म्हणजे काताकाना, परकी नावं लिहायची जपानी लिपी. शेक्सपिअर हल्ली 'शेइकुसुपिआ' असा लिहितात, पूर्वी 'शेएकुसुपिआ' लिहीत, आणि मेइजी-ताइशो काळातल्या (१८६८ ते १९२६) पुस्तकांवर तर दोन कांजींत 'शाओ' एवढंच असतं. वर्ड्सवर्थचंही तसंच, शेवटचा स्वर कुणी लांबवतो, कुणी आखडता घेतो. प्रत्येक लेखकाची तीन रूपं आणि रोमन लिपीतलं मूळ नाव, असे चार शोध वेगवेगळे करा. पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नसेल तर 'साइनी' या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या सामायिक सूचीवर ते कोणत्या विद्यापीठात आहे ते कळतं, आणि खिडकीवर अर्ज केला की हव्या त्या प्रकरणाच्या छायाप्रती मागवता येतात. आठवडाभर लागू शकतो, म्हणून रिपोर्टाच्या आदल्या रात्री हा मार्ग कामाचा नाही.

एक सूचना न विचारता. पंधरा तासांच्या विषयात एक तृतीयांशाहून जास्त गैरहजेरी झाली की बहुतेक ठिकाणी परीक्षेलाच बसू देत नाहीत, आणि तीनदा उशीर म्हणजे एक खाडा असंही बरेच शिक्षक धरतात. रात्रपाळीचं काम करणारी मुलं सकाळी नऊच्या तासाला इथेच अडकतात.

जपानच्या हजार येनच्या जुन्या नोटेवरचा लेखक इंग्रजीचा प्राध्यापक होता म्हणतात. खरं का? (सातारा)

खरं. नात्सुमे सोसेकी. १९०० ते १९०२ तो सरकारी खर्चाने लंडनला होता आणि १९०३ मध्ये तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायला लागला. त्याच्या आधी १८९६ पासून तिथे लाफ्काडिओ हर्न शिकवत होता. हर्न ओघवतं बोलायचा आणि मुलं त्याच्यावर लुब्ध होती. सोसेकीने आल्या आल्या जॉर्ज एलियटची एक कादंबरी घेऊन उच्चार आणि व्याकरण काटेकोर तपासायला सुरुवात केली, तेव्हा मुलं वैतागली. पुढे त्याने मॅकबेथ घेतलं आणि वर्ग भरून वाहू लागला. १९०७ मध्ये नोकरी सोडून तो पूर्णवेळ लेखक झाला. १९८४ मध्ये नोटेवर आला.

२०२४ च्या जुलैत आलेल्या पाच हजारांच्या नव्या नोटेवरही इंग्रजीचंच माणूस आहे. त्सुदा उमेको. १८७१ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षाच्या आतच, तिला अमेरिकेला शिकायला धाडलं होतं. १९०० मध्ये तिने मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली, तेच आजचं त्सुदा विद्यापीठ. तोक्योत जाल तेव्हा वासेदातलं नाट्यसंग्रहालय बघून या. शेक्सपिअरची सगळी नाटकं जपानीत आणणाऱ्या त्सुबोउचि शोयोच्या सन्मानार्थ ते १९२८ मध्ये उघडलं, आणि इमारत लंडनच्या फॉर्च्यून या जुन्या नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधली आहे.

पुणे विद्यापीठाचं तीन वर्षांचं बी.ए. इंग्रजी झालं आहे, जपानी एन-टू. तिकडे एम.ए.ला प्रवेश मिळेल का? सोळा वर्षांचं शिक्षण लागतं असं ऐकलं. (कोथरूड)

ऐकलं ते अर्धं खरं आहे. जपानमध्ये बारा अधिक चार असा हिशेब असल्यामुळे आपलं पंधरा वर्षांचं शिक्षण पूर्वी कमी भरायचं. २०१६ पासून नियम सैलावला आहे. परदेशी विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून पदवी मिळाली असेल आणि त्या संस्थेचं तिथल्या अधिकृत यंत्रणेकडून मूल्यांकन झालेलं असेल, तर अर्ज करता येतो. व्यवहारात काही विद्यापीठं तरीही 'कोबेत्सु शिन्सा', म्हणजे प्रत्येकाची पात्रता वेगळी तपासण्याची प्रक्रिया, करायला लावतात. तिची मुदत मुख्य अर्जाच्या महिना-दोन महिने आधी संपते. मुख्य तारीख पाहून निवांत बसलेली मुलं नेमकी इथे हुकतात. पदवीपत्र, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाचा कागद आधीच जमवून ठेवा.

प्रवेश परीक्षेत इंग्रजी उताऱ्यांचं जपानी भाषांतर, साहित्याच्या इतिहासावर टिपा आणि मुलाखत असते. काही ठिकाणी फ्रेंच किंवा जर्मनचा पेपरही असतो. भाषांतराचा पेपर आपल्या मुलांना वाटतो त्यापेक्षा कठीण जातो. अर्थ कळलेला असतो, पण जपानी वाक्य तीन ओळी लांब होऊन मध्येच तुटतं. म्हणून बरेच जण आधी सहा महिने ते वर्षभर 'केन्क्युसेइ' म्हणून राहतात. ही पदवी नव्हे. एका प्राध्यापकाच्या हाताखाली वाचन करायचं आणि मग परीक्षा द्यायची. केन्क्युसेइ झालं म्हणजे एम.ए. पक्कं, असं नाही.

संशोधनाचा आराखडा दोन-तीन पानांचा. 'भारतीय इंग्रजी कादंबरीतली अस्मिता' असलं काही लिहू नका, त्यासाठी जपानला जायची गरज काय हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुम्हाला मराठी येतं, ते वापरा. आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे मराठी हॅम्लेट, १८८३ चं. त्सुबोउचिने जूलियस सीझर जुन्या बाहुलीनाट्याच्या शैलीत जपानीत आणलं ते १८८४ मध्ये. देवलांचा 'झुंझारराव', म्हणजे मराठी ऑथेल्लो, १८९० चा, आणि कावाकामि ओतोजिरो या नटाने ऑथेल्लोला जपानी वेष चढवून रंगमंचावर आणलं १९०३ मध्ये. दोन्हीकडे एकाच वीस वर्षांत एकच प्रश्न होता: या परक्या नाटकाला आपल्या रंगभूमीचा कोणता अंगरखा घालायचा? असा आराखडा तिकडचा प्राध्यापक पुढे वाचतो. अडचण एवढीच की मेइजी काळातली जपानी आजच्या एन-वनलाही नीट समजत नाही. त्या जुन्या लेखी भाषेची, 'बुन्गो'ची, तयारी कशी करणार हे आराखड्यातच एका परिच्छेदात लिहा.

प्राध्यापक शोधायला 'रिसर्चमॅप' हा संशोधकांचा खुला कोश बघा. पत्र जपानीत, एका पानाचं, त्यांचा एखादा लेख खरोखर वाचून लिहिलेलं. एकाच विभागातल्या तिघांना एकच पत्र पाठवलंत तर ते तिघे दुपारी एकत्र जेवतात हे विसरू नका.

एइबुन गाक्का केल्यावर जपानी शाळेत इंग्रजीचा शिक्षक होता येतं का? (नवी मुंबई)

होता येतं, पण नुसत्या पदवीवर नाही. पदवीसाठी किमान १२४ क्रेडिट लागतात. शिक्षकाच्या परवान्याचा 'क्योशोकु' अभ्यासक्रम त्याच्या जोडीला पहिल्या वर्षापासून घ्यावा लागतो. त्यात शिक्षणशास्त्र, इंग्रजी अध्यापनपद्धती आणि जपानची राज्यघटनासुद्धा येते. तिसऱ्या वर्षी सुचलं तर उशीर झालेला असतो. माध्यमिक शाळेच्या परवान्यासाठी ७ दिवस विशेष शाळेत आणि वृद्ध-दिव्यांगांच्या सेवाकेंद्रात काम करावं लागतं, आणि चौथ्या वर्षी साधारण ३ आठवडे प्रत्यक्ष अध्यापन. उच्च माध्यमिकला २ आठवडे पुरतात.

मेख अशी की अध्यापनाचा सराव जपानी मुलं बहुधा स्वतःच्या जुन्या शाळेत करतात. तुमची जुनी शाळा वाशीत किंवा नेरुळात! त्यामुळे शाळा मिळवून देण्याची जबाबदारी विद्यापीठाच्या क्योशोकु कार्यालयावर येते. हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसच त्यांच्या कानावर घाला, कारण शाळा वर्षभर आधी ठरतात. सरकारी शाळेत परदेशी नागरिकाला निवड परीक्षा देता येते, पण नेमणूक बहुधा 'मुदत नसलेला पूर्णवेळ व्याख्याता' या पदावर होते, आणि मुख्याध्यापकपदाची वाट बंद राहते. खासगी शाळांचे नियम ज्याचे त्याचे.

चौथ्या वर्षाचं वेळापत्रक आधी कागदावर मांडा. मे-जूनमध्ये सराव, त्याच सुमाराला कंपन्यांच्या मुलाखती, जून-जुलैत शिक्षक निवड परीक्षा आणि डिसेंबर-जानेवारीत 'सोत्सुरोन', म्हणजे पदवीचा प्रबंध. प्रबंधाची मुदत मिनिटावर मोजतात. प्रिंटर अडकला, गाडी चुकली, काहीही कारण असो, खिडकी बंद झाल्यावर कागद घेत नाहीत आणि पदवी एका वर्षाने पुढे जाते. छापील प्रत मागणारा विभाग असेल तर ती दोन दिवस आधीच बांधून घ्या.